बहिणी किती?

माणूस गेला की त्याच्या दारात आधी भावकी येते, मग सोयरेधायरे, मग उधारीवाले. दशक्रिया, तेरावं उरकलं की घरातला कर्ता मुलगा मृत्यूचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तलाठ्याकडे येतो. माझ्या नोकरीचा मोठा भाग या मुलाशी बोलण्यात गेला. नाशिक जिल्ह्यातल्या जिरायती पट्ट्यात मी आधी तलाठी होते, पुढे मंडळ अधिकारी झाले. २०२४ मध्ये तलाठ्याचं नाव सरकारने ग्राम महसूल अधिकारी असं केलं, पण गावाला ते अजून पाठ झालेलं नाही.

वारस नोंदीचा अर्ज हा आमच्याकडचा सगळ्यात साधा कागद. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. तलाठी ते गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, चढवतो. मंडळ अधिकारी गावात चौकशी करून वारस ठरवतो, मग फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात आणि नोंद प्रमाणित होते. एवढ्यात कुठे भांडणाला जागा आहे असं वाटत नाही. भांडण असतं ते प्रतिज्ञापत्रातल्या यादीत. म्हणून यादी वाचण्याआधीच मी विचारायची, "बहिणी किती?"

या प्रश्नाला सरळ आकडा क्वचित मिळायचा. "आहेत की दोघी, पण त्या दिल्या घरी सुखी आहेत." "त्यांचं काही म्हणणं नाही, मॅडम." "एक वारली, दुसरी मुंबईला असते, तिला कशाला त्रास?" एकाने तर सांगितलं, "तिच्या लग्नात बापाने दोन एकर विकलं, तिचा हिशोब तेव्हाच मिटला." ही सगळी माणसं लबाड होती असं मला कधी वाटलं नाही. बरेच जण खरोखर त्याच समजुतीत वाढलेले होते की बहिणीचं नाव राशनकार्डावरून कमी झालं म्हणजे ते जमिनीवरूनही गेलं. लबाड होते त्यांची रीत वेगळी असायची. ते बहिणीचं नाव यादीत घालायचे, फक्त पत्त्यापुढे लिहायचे, "रा. सदर." म्हणजे येवल्याला नांदणारी बहीण कागदावर माहेरीच राहायची, नोटीस माहेरच्या घरी यायची आणि भाऊच ती सही करून घ्यायचा. हे एकदा लक्षात आल्यावर मी प्रत्येक विवाहित मुलीचा सासरचा पत्ता आणि फोन नंबर मागायला लागले. फोन लावल्यावर पलीकडून पहिला शब्द यायचा तो घाबरलेला, "काय झालं, भाऊ बरा आहे ना?"

कार्यालयाच्या कपाटात जुने फेरफार असतात. फार जुने मोडीत, नंतरचे बाळबोधीत, त्या त्या काळच्या तलाठ्याच्या हस्ताक्षरात. बायकांनी वारसा कसा मिळवला ते मला कुठल्या पुस्तकापेक्षा या रजिस्टरांतून जास्त कळलं.

सगळ्यात जुन्या थरात बाईचं नाव येतं ते विधवा म्हणून. तिला जमीन मिळते ती पोटगीदाखल, हयात असेपर्यंत. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, ती गेली की जमीन पुन्हा दिरांकडे. १९३७ मध्ये डॉ. गो. वि. देशमुखांनी मध्यवर्ती कायदेमंडळातून मंजूर करून घेतलेल्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा दिला, पण तोही तहहयातच. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने ती अट काढली आणि स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची केली. पोटगीत मिळालेली जमीनही त्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तुळसम्मा प्रकरणात स्पष्ट केलं. तरी गावातल्या एका आजीबाईंच्या सातबाऱ्यावर तो जुना शेरा कायद्यानंतर कितीतरी वर्षं तसाच होता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुतणे "काकूंचं काय, त्यांच्यामागे आमचंच" म्हणत बांध सरकवत आले होते.

दुसऱ्या थरात मुली दिसायला लागतात, पण कुठे? सातबाऱ्यावर एक रकाना कब्जेदारांचा असतो आणि एक इतर हक्कांचा. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याची वाट या गोष्टी लिहितात. कितीतरी गावांत भावांची नावं कब्जेदार सदरी आणि बहिणींची नावं इतर हक्कांत घातलेली सापडतात. कर्जाच्या बोजाखाली बहीण. कुठल्या कायद्याने असं सांगितलं होतं? कुठल्याच नाही. आई, मुलगा, मुलगी हे सारख्याच वर्गाचे वारस, सगळे कब्जेदार सदरीच यायला हवेत. पण ही सोय सगळ्यांना पटली होती. बहिणीला वाटायचं नाव लागलं, भावाला वाटायचं लागलं नाही, आणि तलाठ्याची नोंद निर्गत व्हायची.

तिसरा थर कंसांचा. सातबाऱ्यावरचं नाव कमी करायचं तर पूर्वी ते खोडत नसत, त्याला कंस करत. वडिलांच्या मागे तीन बहिणींची नावं लागली, आणि दोन-चार महिन्यांत तिघींच्या नावांना कंस पडले, असे सातबारे मी ढिगाने पाहिले. कधी कंसामागे नोंदणीकृत हक्कसोडपत्र असायचं, कधी नुसता जबाब, "आम्हास हिस्सा नको, आमचे भावाचे नावे करावे", खाली तीन अंगठे. स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदलेला लागतो, साध्या जबाबाने तो जात नाही. त्यामुळे अशा कंसांवर आता पन्नास-पन्नास वर्षांनी नाती अपील करतात.

गावात एक समज पक्का बसला आहे, की मुलींना हक्क २००५ मध्ये मिळाला. मी एक आण्याचा हिशोब सांगायचे. आमच्याकडे विहिरीतला, जमिनीतला हिस्सा म्हातारी माणसं अजून आण्यांत मोजतात, त्यामुळे तो लगेच कळतो. समजा वडिलोपार्जित सोळा एकर आहे. आई, वडील, दोन मुलगे, एक मुलगी. १९५६ च्या कायद्याप्रमाणे वडील वारले की आधी मनातल्या मनात वाटप करायचं: वडील, आई आणि दोन मुलगे यांना चार-चार एकर. मग वडिलांच्या चार एकरांत आई, दोन मुलगे आणि मुलगी असे चौघे सारखे. मुलीला एक एकर, रुपयातला एक आणा. हा हिशोब कसा करायचा ते १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या निकालात घालून दिलं. म्हणजे एक आणा तर १९५६ पासूनच होता. आणि जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर मुलगी तेव्हापासूनच मुलाच्या बरोबरीची. तो एक आणाही कुणी दिला नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की तो नव्हताच.

पुढे महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती केली आणि मुलीला जन्मतः सहहिस्सेदार केलं, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. आता आपल्याकडे लग्नसराई एप्रिल-मेची. एका घरात थोरलीचं लग्न त्याच वर्षीच्या मे महिन्यात झालं होतं, धाकटीचं पुढच्या वर्षी. एकाच आईच्या दोन मुली, एक आण्याची आणि एक बरोबरीची. त्या दोघींना समोर बसवून हे सांगताना कायद्याची बाजू घेणं मला जमलं नाही. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने हा लग्नाचा भेद संपवला. राहत्या घरात मुलीला वाटप मागता येत नसे, ते कलम २३ ही तेव्हाच गेलं. तरी वडील त्या तारखेला हयात असायला हवे होते की नाही यावर पंधरा वर्षं वाद चालला. २०१५ चा एक निकाल हो म्हणे, २०१८ चा वेगळंच सांगे. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी मिटवलं: हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. आज वडील गेले तर त्या सोळा एकरांत मुलीचे चार एकर, रुपयातले चार आणे. आईचे चार, भावांचे चार-चार.

कायदा एका आण्यावरून चार आण्यांवर आला. माझ्या टेबलावर मात्र हक्कसोडपत्रं वाढली.

याचं कारण मला बरंच उशिरा समजलं, आणि ते बायकांच्या भोळेपणात नाही. हक्क सोडणारी बहीण पुरतं समजून सोडत असते. तिच्या लेखी माहेर म्हणजे भाऊबीज, बाळंतपण, सासरी खटका उडाला तर चार दिवस टेकायची जागा, मुलाच्या लग्नात मामाचा आहेर. चार एकर घेतले तर हे सगळं जाईल, आणि ते चार एकर कसायला तरी कोण येणार आहे? एका बाईने मला तोंडावर सांगितलं, "ताई, जमिनीला तोंड नसतं. भावाला असतं. मला बोलायला कुणीतरी पाहिजे." यावर शहाणपण शिकवायला मी कोण? पण मला नेहमी एक खटकायचं. माहेर टिकवायचं तर किंमत फक्त बहिणीने का मोजायची? हिस्सा घेणारा भाऊ माहेर तोडतो असं कुणी म्हणत नाही.

आणि घाई. हक्कसोडपत्र नेहमी घाईत होतं. तेराव्याला सगळ्या बहिणी एकत्र येतात, पुन्हा येणं-जाणं होत नाही, म्हणून त्याच आठवड्यात निबंधक कार्यालय गाठायचं. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाच्या लाभात सोडायचा तर मुद्रांक दोनशे रुपयांचा होता, २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशे झाला. लाखो रुपयांची जमीन पाचशे रुपयांत हातची जाते. एरवी जमिनीच्या व्यवहारात माणूस सात वेळा विचार करतो, वकिलाला दाखवतो, शेजाऱ्याला विचारतो. इथे दस्त वाचलाही जात नाही.

एकदा तहसीलच्या आवारात, दस्तलेखकाच्या टेबलापाशी एक साठीकडे झुकलेल्या बाई बसल्या होत्या. ओळखीच्या, माझ्याच सजातल्या. भाऊ झेरॉक्स काढायला गेला होता. मला बघून म्हणाल्या, "मॅडम, आज आमची नावं लावतोय भाऊ." मी कागद मागितला. हक्कसोडपत्र होतं. त्यांना पहिली ओळ ते शेवट वाचून दाखवलं: कोणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, माझा व माझ्या वारसांचा हक्क कायमचा सोडला आहे, यापुढे काही मागणी केल्यास ती या दस्ताने रद्द समजावी. त्यांनी पदर नीट केला, "माझ्या वारसांचा" हे शब्द मला पुन्हा वाचायला लावले. त्यांना दोन मुली होत्या. तेवढ्यात भाऊ आला. तो काही खलनायक नव्हता. सोसायटीच्या सचिवाने सांगितलं होतं की बहिणींची नावं राहिली तर कर्जाला अडचण येईल, म्हणून आला होता. बाई त्याला एवढंच म्हणाल्या, "आप्पा, आज राहू दे. दिवाळीनंतर बघू." स्टॅम्प फुकट गेला म्हणून तो चिडचिडला, पण बहिणीला चहा पाजून एसटीत बसवून आला.

त्या दिवाळीनंतर आणखी दिवाळ्या गेल्या. नाव अजून सातबाऱ्यावर आहे. जमीन भाऊच कसतो. सुगीत बहिणीकडे बाजरी आणि गहू जातात, कधी कांद्याचे थोडे पैसे. बाईंनी एक गुंठाही मागितलेला नाही. फरक पडला तो एवढाच, की त्याने बांधालगतचा अर्धा एकर विकायला काढला तेव्हा त्याला बहिणीच्या दारात जावं लागलं, भाव सांगावा लागला, ती नको म्हणाली ते ऐकावं लागलं. त्याआधी जन्मात त्याने तिला जमिनीबद्दल काही विचारलं नव्हतं.

यातून मला जे कळलं ते मी पुढे प्रत्येकाला सांगत राहिले. नाव लागणं आणि वाटा घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारस नोंद म्हणजे फक्त "हे यांचे वारस" एवढी नोंद. त्याने बांध पडत नाही, नांगर थांबत नाही. वाटप ही पुढची पायरी, ती दोन वर्षांनी करा, वीस वर्षांनी करा किंवा कधीच करू नका. आपल्याकडे भाऊ आणि बहीण दोघंही या दोन्हींची गल्लत करतात. भावाला वाटतं नाव लागलं म्हणजे ती वाटा मागायला आली. बहिणीला वाटतं नाव ठेवलं म्हणजे आपण हावरट ठरलो. म्हणून नाव लागायच्या आधीच हक्कसोड, आणि बाईच्या हातातली सही, जिच्यामुळे तिला कुणी काही विचारेल, ती पहिल्याच महिन्यात संपते.

सहीला किती वजन असतं ते समृद्धी महामार्गाच्या वेळी साऱ्या पट्ट्याने पाहिलं. मुंबई-नागपूर हा सातशे एक किलोमीटरचा रस्ता आमच्या भागात सिन्नर तालुक्यातून गेला. जमीन सरकारने बरीचशी थेट खरेदीने घेतली, मोबदला मूल्यांकनाच्या पाचपट. थेट खरेदी म्हणजे खरेदीखत, आणि खरेदीखताला सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाची सही. ज्यांनी बहिणींची नावं लावलेली होती त्यांना बहिणी शोधून आणाव्या लागल्या. ज्यांनी लपवली होती त्यांच्या नोंदींवर हरकती आल्या. गाव त्या काळात फार बोललं. "रस्त्याने बहिणी आठवल्या", "पैसा आला की लेकी आल्या." मी याच्या उलट पाहिलं. ज्या घरांत नाव आधीपासून होतं तिथे बहुतेकदा पैसे वाटले गेले आणि विषय मिटला. जिथे नाव नव्हतं तिथे बहीण पहिल्यांदा दिसली ती वकिलाच्या नोटिशीत, आणि मग बोलणं बंद झालं ते कायमचं. जी बहीण वीस वर्षं कागदावर असते तिला पैशाच्या दिवशी नव्याने यावं लागत नाही.

भावांची बाजू खोटी नाही, तीही सांगायला हवी. पीककर्ज काढताना सोसायटी सगळ्या खातेदारांची संमती मागते. बहीण पुण्याला, तिला एका सहीसाठी बोलवायचं, तिचा दिवस, भाड्याचे पैसे. म्हाताऱ्या आईचं दुखणंखुपणं गावात राहणाऱ्या भावानेच काढलेलं असतं, आणि त्या वर्षांची कुठे नोंद नसते. दोन एकरांचे चार वाटे पडले की कुणाचंच भागत नाही. हे सगळं खरं आहे. पण यातल्या प्रत्येक अडचणीला दुसरा उपाय आहे. कर्जाला संमतीपत्र देता येतं. कसण्याच्या कष्टाचा मोबदला म्हणून बहीण पीक सोडू शकते, जमीन सोडायची गरज नाही. तुकडा फार लहान पडत असेल तर भावाने बहिणीचा हिस्सा बाजारभावाने घ्यावा, जसा तो शेजाऱ्याचा घेतला असता. लग्नात खर्च केला हे मला सगळ्यात कमी पटणारं कारण. लग्न भावाचंही झालेलं असतं, आणि त्याचा खर्च त्याच्या हिश्शातून कुणी वजा करत नाही.

एक गंमत मला वर्षानुवर्षं दिसत आली. शेजारच्या चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. आमच्या भागातल्या कितीतरी बायका ट्रॅक्टरमध्ये बसून गेल्या होत्या, त्या अजून त्याच्याबद्दल बोलतात. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा. अनेक शेतकऱ्यांनी खरोखर केली, आणि तो कार्यक्रम मला फार मोठा वाटतो. पण बायकोच्या नावे एकर-दोन एकर आनंदाने करणारा तोच माणूस बहिणीच्या नावाला अडखळतो. बायकोचं नाव लागलं तर जमीन घरातच राहते. बहिणीचं लागलं तर ती दुसऱ्या आडनावात जाते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांत बायका सुमारे चौदा टक्के होत्या. त्यांतही वडिलांकडून जमीन आलेल्या किती, हे मला माझ्या सजापुरतं माहीत आहे. फार थोड्या.

आडनावाची ही भीतीही पुरती खरी नाही. हिंदू स्त्रीला आईवडिलांकडून मिळालेली मालमत्ता, तिने मृत्युपत्र केलं नसेल आणि तिला मूलबाळ नसेल, तर नवऱ्याकडे जात नाही. कलम १५ प्रमाणे ती वडिलांच्या वारसांकडे परत येते. मुलं असतील तर अर्थात मुलांची. पण त्याच कलमाची दुसरी बाजू बायकांनी ऐकून ठेवावी. तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं, मूल नसेल आणि नवराही नसेल तर, आधी नवऱ्याच्या वारसांना जातं, तिच्या आईवडिलांना नंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विधवा झालेली, सासरने घराबाहेर काढलेली, माहेरी शिकून नोकरी केलेली बाई. तिचे पैसे तिच्या माहेरच्यांना मिळाले नाहीत, सासरकडे गेले. न्यायालयाने सहानुभूती दाखवली आणि कायद्याकडे बोट केलं. तेव्हापासून नोकरी करणारी कुणीही बाई भेटली की मी मृत्युपत्राचा विषय काढते. लोकांना ते अभद्र वाटतं. माझी हरकत नाही.

वाटा प्रत्यक्ष घेतलेल्या ज्या थोड्या बायका मी पाहिल्या, त्यांच्यातली एक नवऱ्याने टाकलेली. ती माहेरी आली तेव्हा भाऊ म्हणाला, राहा की, दोन घास आम्ही घालू. ती म्हणाली, घास नको, जमीन दे. दीड-दोन वर्षं रडारड झाली, मग कलम ८५ खाली तहसीलदारांसमोर संमतीने वाटप झालं. तिला दोन एकर मिळाले, मोजणी झाली, खुणा रोवल्या. कागद चोख. पेरणीला ती बैलं घेऊन गेली तेव्हा कळलं की तिच्या तुकड्याला वाटच नाही. तिन्ही बाजूंनी भावकीचे बांध. विहीर भावाच्या वाट्यात, मोटरचं कनेक्शन वडिलांच्या नावे, आणि वाटपपत्रात विहिरीचा उल्लेखच नाही. दोन एकर होते पण हंगामात दोन तास पाणी नव्हतं. वाटेसाठी तिने कलम १४३ खाली अर्ज केला. मी स्थळपाहणीला गेले. कडक उन्हात भाऊ एका बांधावर, ती दुसऱ्या, मध्ये आम्ही टेप धरून. बांधाच्या कडेने बैलगाडी जाईल एवढी वाट मिळाली. पाण्याचं तिने स्वतः मिटवलं. गावातल्या दोन जाणत्या माणसांना बसवून विहिरीत चार आणे लिहून घेतले, आठवड्यातून दोन रात्री तिची पाळी. पहिल्या वर्षी रात्री मोटर चालू करायला ती एकटी जायची, हातात बॅटरी आणि काठी. आता टोमॅटो करते. भाऊबीज दोन वर्षं बंद होती, नंतर सुरू झाली. तिने त्यासाठी काही केलं नाही. भावाचा मुलगा तिच्याकडे ट्रॅक्टरचं भाडं मागायला यायला लागला, व्यवहार सुरू झाला, मागून नातंही आलं.

तेव्हापासून वाटप करायला आलेल्या बाईला मी एवढं सांगते: क्षेत्र सगळे लिहितात. तुम्ही वाट, विहिरीतले आणे, पाण्याची पाळी, वीजजोडणी आणि बांधावरची झाडं लिहून घ्या.

माझी मामेबहीण गोव्यात डिचोलीला दिलेली आहे. तिच्याकडे मी हा विषय काढला की तिला नवल वाटतं. तिथे पोर्तुगीज काळातल्या १८६७ च्या नागरी संहितेची चौकट चालत आली, आता २०१२ चा वारसा कायदा आहे. लग्न झालं की सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी, आणि मुलांचा, मुलगा असो की मुलगी, निम्म्या इस्टेटीतला सारखा हिस्सा आईबापांना मृत्युपत्रानेही डावलता येत नाही. सासरची एक जागा विकायची निघाली तेव्हा सगळ्या नणंदाच नव्हे, त्यांचे नवरेही सहीला आले. भांडणं तिथेही होतात, वर्षानुवर्षं इन्व्हेंटरी, म्हणजे वारसा-वाटपाचं कोर्टातलं काम, चालते. पण "बहिणी किती" असं कुणाला मुद्दाम विचारावं लागत नाही, कारण त्यांच्याशिवाय कागद पुढे सरकत नाही.

आमच्या माहेरी वडील गेल्यावर माझं आणि बहिणीचं नाव लागलं. जमीन भाऊ कसतो, आम्ही काही मागत नाही, तो सोसायटीच्या संमतीपत्रासाठी दरवर्षी फोन करतो आणि दरवर्षी कुरकुर करतो. नातेवाइकांत एकदोघांनी टोमणे मारले, तलाठीण बाईच, ती कशी सोडणार. भावाने मात्र कधी हक्कसोड मागितलं नाही. माझं काम त्याला माहीत होतं म्हणून नाही, तर त्याला स्वतःला एक मुलगी आहे म्हणून, असं तो म्हणतो.

बापाच्या जमिनीत हक्क असलेल्या बायकांना माझं सांगणं फार थोडं आहे. पहिलं वर्ष कुठल्याही कागदावर सही करू नका. दुःखात असलेल्या माणसाने मिळकतीचे निर्णय घेऊ नयेत, हे तुम्ही भावालाही सांगू शकता. महाभूमीच्या संकेतस्थळावर गट नंबर टाकून स्वतःचा सातबारा काढा आणि आपलं नाव कब्जेदार सदरी आहे की इतर हक्कांत, ते स्वतः बघा. माहेरचं नाव एक आणि सासरी बदललेलं दुसरं असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आजच करून ठेवा, पुढे ते करायला साक्षीदार मिळत नाहीत. भावाला सगळं द्यायचंच असेल तर जरूर द्या, पण आधी नाव लावून घ्या आणि मग द्या. नाव न लावता सोडलेला हिस्सा कुणाला दिसत नाही. नाव लावून दिलेला हिस्सा फेरफारावर लिहिला जातो: अमुक बहिणीने अमुक भावास दिला. निदान पुढच्या पिढीला वाचता येईल की जमीन तिची होती आणि ती तिने दिली.